पंधरा चेंडू कुठून आले?

कोल्हापूर, शनिवार रात्र

प्रिय कॅप्टन,

रोबोंच्या स्पर्धेसाठी स्पॉन्सरना दाखवायची तुझी पाच पानांची पीडीएफ दोनदा वाचली. एकदा जेवताना मोबाइलवर, मग रात्री चष्मा लावून. डिझाइनबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. चेसिस चांगली झालीय, १ इंची चौकोनी ॲल्युमिनियम पाइप वापरलात हेही बरं केलंत. माझं घोडं अडलंय ते शेवटच्या पानावर. तिथं तू लिहिलंयस, ‘अपेक्षित कामगिरी: ३ मिनिटांत १५ चेंडू, पूर्ण ऑटोनॉमस, पहिल्या आठ संघांत स्थान.’ ऑटोनॉमस म्हणजे ड्रायव्हरशिवाय, सगळं रोबोनं आपलं आपण करायचं.

हे पंधरा कुठून आले ते मला कळलं. चेंडू उचलून, वळून, टोपलीत फेकायला तुमच्या रोबोला १२ सेकंद लागले. तो व्हिडिओ मी पाहिला, शेवटी सगळे आरडाओरडा करताहेत तो. १८० भागिले १२, पंधरा. भागाकार बरोबर आहे. पण तो व्हिडिओ कितव्या प्रयत्नाला मिळाला, ते पीडीएफमध्ये कुठंच नाही.

मी दिवसभर काय करतो ते तू बघितलंयस. फाउंड्रीतून कास्टिंग येतात, माझ्या शेडमध्ये त्यांचं मशिनिंग होतं. नवा जॉब आला की पहिला पीस काढताना मी, प्रोग्रॅमर आणि आमचे जुने मिस्त्री असे तिघं मशिनपाशी उभे असतो. तो पीस चांगला निघतो. निघणारच, तिघांनी श्वास रोखून धरलेला असतो. त्या पिसावर हिशेब करून मी कोटेशन दिलं, तर चार महिन्यांत शेडला कुलूप लागेल. कोटेशन द्यायचं ते रात्रपाळीत एकटा ऑपरेटर शंभर पीस काढेल तेव्हा त्यातले किती रिजेक्ट होतील ते धरून. मिस्त्रींची अर्धी हयात उद्यमनगरात लेथवर गेली. नवीन पोरगा पहिला जॉब हातात नाचवत आला की ते वर न बघता म्हणतात, “पयला ऱ्हाऊ दे. शंभरावा दाव.”

तुमच्या पंधरा चेंडूंकडं आता तसं बघू. शिट्टी झाल्यावर स्टार्ट झोनमधून निघून पहिल्या चेंडूपर्यंत पोहोचायला १५ सेकंद धर. एकदा तरी काहीतरी अडकणार, रीट्राय घ्यावा लागणार, त्याचे २० सेकंद. उरले १४५. त्याला १२ ने भाग, म्हणजे बारा प्रयत्न. आता एक प्रयत्न म्हणजे खरं तर पाच कामं: चेंडूपाशी जाणं, तो ओळखणं, पकडणं, वळून नेम धरणं आणि फेकणं. प्रत्येक काम दहापैकी नऊ वेळा जमतं असं उदार मनानं मानू. पाचही ओळीनं जमण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे जवळपास ५९ टक्के. बाराचे ५९ टक्के, सात.

पंधराचे सात झाले आणि अजून रोबो बिघडलेला नाही बरं का. सगळं सुरळीत चाललेलं असतानाचे हे सात आहेत.

‘दहापैकी नऊ’ हेसुद्धा मी हवेतूनच घेतलंय, कारण तुमच्याकडं आकडाच नाही. तो आधी काढा. दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक कामाला एक पान. ग्रिपरनं, म्हणजे रोबोच्या पंजानं, चेंडू दहा वेळा उचलायचा, जमलं की बरोबरची खूण, नाही जमलं की फुली आणि फुलीपुढं चार शब्द: ‘डाव्या बाजूनं निसटला’, ‘बोट चेंडूवर चढलं’. एक नियम मात्र कडक पाळायचा. ‘हा मोजायचा नाही, वायर अडकली होती’ असं म्हणायला बंदी. वायर स्पर्धेतही अडकते. सगळ्यात जास्त फुल्या ज्या पानावर, तिथं आठवडा घालवा. पाचही कामं शंभरात पंच्याण्णवपर्यंत नेलीत तर पुरा प्रयत्न जमण्याची शक्यता ७७ टक्क्यांवर जाते आणि सातचे नऊ होतात. नवीन मोटर नाही, नवीन कॅमेरा नाही, नुसत्या खटपटीवर दोन चेंडू.

आता माझी फजिती सांगतो. टीममध्ये वाचून दाखवलीस तरी हरकत नाही.

आमच्या वेळी राष्ट्रीय रोबोकॉन, म्हणजे कॉलेजांच्या रोबोंची स्पर्धा, पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात व्हायची. २००८ ची आशिया-पॅसिफिकची फेरीसुद्धा तिथंच झाली होती आणि विषय होता गोविंदा. पुढं २०२२ ला ती फेरी दिल्लीला आली तेव्हा विषय होता लगोरी. असे आपल्या गल्लीतले खेळ आले की पोरांना वाटतं, हे तर आपण चड्डीत असल्यापासून खेळतोय. पण गल्लीतलं पोरगं लगोरी रचतं तेव्हा ते पडलेला दगड बघतं, पालथा की उताणा ते ओळखतं, हातात तोलतं, खालच्या दगडावर सरकवून बसवतं, आणि त्यातलं काहीही करतोय हे त्याला माहीतसुद्धा नसतं. रोबोला यातली एकेक गोष्ट वेगळी शिकवावी लागते, आणि एक शिकवताना आधीची बिघडते.

तर आम्ही बालेवाडीला गेलो. लॅबमध्ये आमचा रोबो पांढऱ्या पट्टीवरून आगगाडीसारखा जायचा. लॅबमध्ये ट्यूबलाइट दोन, त्यातली एक लुकलुकणारी. काळं-पांढरं ओळखणारे इन्फ्रारेड सेन्सर आम्ही त्याच उजेडात ट्यून केले आणि आकडे कोडमध्ये कायमचे ठोकून टाकले. मैदानात वर मोठमोठे दिवे आणि खाली चकचकीत रंगवलेलं प्लाय. सेन्सरला सगळंच पांढरं दिसायला लागलं. सेटिंगला मिळणारं एक मिनिट लॅपटॉप उघडण्यात गेलं. शिट्टी झाली आणि रोबो जागच्या जागी गोल फिरू लागला. रीट्राय घेतला, पुन्हा तेच, फक्त उलट्या दिशेनं. गुण शून्य.

आईनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं की पोरगा दूरदर्शनवर दिसणार. दिसलो ना. गोल फिरणाऱ्या रोबोच्या मागं डोक्याला हात लावलेला जो आहे, तो मी.

त्यानंतर टीममध्ये जे झालं ते जास्त वाईट होतं. आम्हीसुद्धा ‘पहिल्या आठात’ असंच लिहून दिलं होतं. शून्य आल्यावर मेकॅनिकलवाले इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना बोलले, ते कोडिंगवाल्याला बोलले, आणि कोडिंगवाला येताना बसमध्ये एकटाच पुढच्या सीटवर बसला. पुणे ते कोल्हापूर एक शब्द नाही. खरं तर दुसऱ्या मॅचला आकडे बदलल्यावर रोबो बरा चालला होता आणि आम्ही बऱ्यापैकी गुण केले होते. पहिल्यांदाच गेलेल्या टीमला ते काही कमी नव्हतं. पण आठाच्या हिशेबानं बघितलं की ते दिसतच नाही.

उजेडाचं सांगितलं, आता बॅटरीचं, कारण तुमचा फेकणारा हात सरळ बॅटरीवर चालतो. तुमची सहा सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरलेली असताना २५.२ व्होल्ट देते, वापरात खाली येत येत २२.२ च्या आसपास रेंगाळते. म्हणजे १२ टक्के घट. मोटरचा वेग ढोबळमानानं व्होल्टेजच्या प्रमाणात आणि चेंडू किती लांब जाणार ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. भरल्या बॅटरीवर ३ मीटरला बरोबर टोपलीत पडणारा चेंडू उतरल्या बॅटरीवर २.३ मीटरलाच धापकन पडेल. व्हिडिओतली बॅटरी नुकतीच चार्जरवरून काढलेली होती, हो ना? उपाय अवघड नाही. मोटरला एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) लावून वेग मोजा, कोडला तो वेग धरून ठेवू दे, आणि पूर्ण जोरापेक्षा कमी जोरावर नेम बसवा म्हणजे बॅटरी उतरली तरी हातात काहीतरी शिल्लक राहील. तोपर्यंत वहीत प्रत्येक खुणेपुढं व्होल्टेज लिहीत जा.

कोल्हापुरात बसून कुस्तीचा दाखला न देता पत्र पुरं करायचं ठरवलं होतं. नाही जमत. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा आपल्या पैलवानांची सवय लाल मातीची आणि तिथं कुस्ती मॅटवर. ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ब्राँझ. तुमची माती म्हणजे लॅबच्या गुळगुळीत लाद्या. मैदान प्लायचं असेल, वर रंग असेल, जोडावर दोन मिलिमीटरची पायरी असेल. तुमची मेकॅनम चाकं, ती आडवीही सरकणारी, त्या पायरीवर काय करतात ते आत्ता बघा, तिथं जाऊन नको.

‘पूर्ण ऑटोनॉमस’ हे शब्द मी तुझ्या जागी असतो तर खोडले असते. राग येऊ दे, चालेल. तुमच्या नियमावलीत ड्रायव्हरला परवानगी आहे, मी वाचलंय. मग ती वापरा. चेंडूपर्यंत माणसानं नेऊ दे, नेम मात्र मशिनला धरू दे, कारण टोपली हलत नाही आणि अंतर मोजायला साधा सेन्सर पुरतो. लोळणारा चेंडू कॅमेऱ्यानं शोधणं हे वर्षभराचं काम आहे आणि तुमच्या हातात नऊ आठवडे आहेत, त्यात सबमिशन आलं. उलट ड्रायव्हर आजच ठरवा. जो जास्त गेम खेळतो तो नको. ज्याचा हात चुकल्यावरही थरथरत नाही तो शोधा. आणि शेवटचे तीन आठवडे रोबो पूर्ण त्याच्या ताब्यात. त्या काळात कुणाला झोपेत भन्नाट आयडिया सुचली तर ती पुढच्या वर्षीच्या वहीत.

पहिल्या आठांचं म्हणशील, तर ती गोष्ट तुमच्या हातात नाहीच. समोर कोण येईल, ड्रॉ कसा पडेल, हे कुणाला ठाऊक? तुमच्या हातातलं लिहा. पहिल्याच तपासणीत वजन-मापात पास. (वजन लॅबच्या काट्यावर नको. मार्केट यार्डात गुळाचे रवे तोलतात त्या काट्यावर करा, तिथला माणूस मला ओळखतो, हसेल पण करून देईल.) प्रत्येक मॅचला स्टार्ट झोनमधून बाहेर. प्रत्येक मॅचला कमीत कमी पाच चेंडू. साखळीत एक विजय.

पाच का, सात का नाही? सात हे सरासरीचं गणित आहे. सरासरी सात असलेला रोबो एखाद्या मॅचला दहा टाकतो आणि एखाद्या मॅचला चार. कोटेशनमध्ये लिहायचा तो आकडा वाईट दिवशीही गाठता येण्याजोगा हवा.

तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, दादा आमची स्वप्नंच छाटतोय. म्हणू दे. पंधराचं स्वप्न लॅबच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, माझी ना नाही. पीडीएफमध्ये नको. ती पीडीएफ घेऊन तू उद्यमनगरात, गोकुळ शिरगावात स्पॉन्सर मागायला जाणार आहेस. ती माणसं दिवसभर रिजेक्शन मोजतात. पंधरा ऐकलं की चहा पाजून वाटेला लावतील. पाच सांगून वही पुढं केलीस तर निदान वही उघडून बघतील, आणि फुल्यांची पानं आधी बघतील. मी तरी तसंच करतो.

उद्या रविवार. शेड बंद असते, दुपारी तीनला या. रोबो आणा, दोन बॅटऱ्या आणा, त्यातली एक मुद्दाम अर्धी उतरलेली. बाहेरच्या कोब्यावर, भर उन्हात चालवू. तुमच्या सेन्सरवर ऊन पडल्यावर काय होतं ते मला तुमच्या तोंडावर बघायचंय.

तुझा,
दादा

ता. क. व्हिडिओत ४१ व्या सेकंदाला मागचं डावं चाक शाफ्टवर किंचित फिरतंय. तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. चाक शाफ्टला धरून ठेवणारा ग्रब स्क्रू ढिला झालाय. नुसता आवळू नका, पुन्हा सुटेल. शाफ्ट काढून आणा. मिस्त्री सुट्टीच्या दिवशीही येतात, घरी करमत नाही म्हणून. स्क्रूखाली शाफ्टवर सपाट फ्लॅट मारून देतील. त्यांच्यासाठी खारी आणा, दुसरं काही घेत नाहीत.