कॉलेजात ओपन सोर्स आणायचंय, पण सुरुवात कुठून करायची?

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या लॅबमध्ये सगळं पेड सॉफ्टवेअर आहे आणि घरी बहुतेक जण क्रॅक केलेली कॉपी वापरतात. मी स्वतः विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरतो आणि कॉलेजात ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर, यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. सेमिनार घेतला, पोस्टर लावली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून परत जैसे थे. एचओडी सर म्हणतात इंडस्ट्रीत चालतं तेच शिकवायचं, मित्र म्हणतात तुझं लिनक्स तुझ्याकडेच ठेव. काय करू?

उत्तर : अरे, तुझी तळमळ अगदी रास्त आहे, फक्त तू सुरुवात सगळ्यात अवघड टोकाकडून केलीस. ऑपरेटिंग सिस्टिम बदला म्हणजे फाइल कुठे सेव्ह होते इथपासून ते प्रिंटर कसा जोडायचा इथपर्यंत सगळं नव्याने शिका, आणि तेही सबमिशन डोक्यावर असताना, मग कोण कशाला ऐकेल? विंडोज राहू दे जिथे आहे तिथे. बहुतेक चांगली ओपन सोर्स सॉफ्टवेअर विंडोजवरही छान चालतात. तू फक्त एक काम शोध, जिथे तुझे वर्गमित्र खरोखर अडलेत.

उदाहरण घे. मॅटलॅब या आकडेमोडीच्या पेड सॉफ्टवेअरचं लायसन्स लॅबच्या मशीनपुरतं असेल तर लॅबला कुलूप लागलं की असाइनमेंटही तिथेच अडकते, आणि मग घरी मुलं क्रॅक शोधायला लागतात, त्यासोबत कुठला व्हायरस येतो ते कोणालाच कळत नाही. अशा वेळी मित्रांना चोर ठरवू नकोस, त्यांच्यासमोर दुसरा रस्ता कोणी ठेवलेलाच नसतो. तू ऑक्टेव्ह दाखव, मॅटलॅबसारखंच चालणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. मॅट्रिक्स, प्लॉट, लूप, फंक्शन असल्या रोजच्या असाइनमेंटच्या फाइली त्यात बहुतेक वेळा जशाच्या तशा चालतात. पण दाखवण्याआधी तुमच्या जर्नलमधलं एकूणएक प्रॅक्टिकल स्वतः करून बघ, कारण अडचणी तिथेच कळतात. सिग्नल प्रोसेसिंगची बरीच फंक्शन्स ऑक्टेव्हमध्ये वेगळ्या पॅकेजमध्ये असतात, ते पॅकेज आधी इन्स्टॉल करायचं आणि दर वेळी प्रोग्रामच्या सुरुवातीला लोड करायचं, नाहीतर फंक्शन सापडत नाही असा एरर येतो आणि समोरचा तिथेच म्हणतो की बघ, हे चालत नाही. ही एक ओळ तू आधीच कागदावर लिहून दिलीस तर त्याचा अर्धा तास वाचतो आणि त्याचं मतही वाचतं.

जिथे जमत नाही तिथे जमत नाही असं स्पष्ट सांग. मॅटलॅबसोबतच्या सिम्युलिंकसारखं ब्लॉक जोडून मॉडेल करणं ऑक्टेव्हमध्ये नाही. सायलॅब या दुसऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक्सकॉस आहे, पण त्यात मॉडेल पुन्हा पहिल्यापासून उभं करावं लागतं. सगळ्याला पर्याय आहे असं म्हणून लोकांना आणलंस आणि तिसऱ्याच प्रॅक्टिकलला ते अडले तर पुढच्या वेळी तुझं कोणी ऐकणार नाही.

आता एचओडी सरांचं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, इंडस्ट्रीचा मुद्दा तर तुझ्याच बाजूचा आहे. जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरची यादी निघते ना, त्यात नोव्हेंबर २०१७ पासून सगळ्याच्या सगळ्या ५०० मशीनवर लिनक्स आहे. वेब सर्व्हर, अँड्रॉइड फोनचा कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, डेटा सायन्समधलं पायथन, सगळीकडे ओपन सोर्सच. आणि मला याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे यातलं कितीतरी कॉलेजातच जन्मलंय. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं तेव्हा तो हेलसिंकी युनिव्हर्सिटीत शिकत होता. आर ही स्टॅटिस्टिक्सची भाषा न्यूझीलंडच्या ऑकलंड युनिव्हर्सिटीत रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन प्राध्यापकांनी सुरू केली. ऑक्टेव्हची तर सुरुवातच केमिकल रिअॅक्टर डिझाइनच्या पाठ्यपुस्तकासोबत विद्यार्थ्यांना वापरता यावं म्हणून झाली. म्हणजे बाहेरचं काहीतरी कॉलेजात घुसवतोय असं वाटून घ्यायचं कारणच नाही. सरांकडे सगळी लॅब मागू नकोस, एकाच विषयाचं एकच प्रॅक्टिकल माग, 'दोन्हींपैकी कशातही केलं तरी चालेल' एवढी परवानगी. सिलॅबसमध्ये सॉफ्टवेअरचं नाव न घालता नुसता विषय दिलेला असेल तर हे आणखी सोपं जातं, तेवढं आधी नीट वाचून जा.

पण खरं काम इन्स्टॉल झाल्यानंतरच सुरू होतं. सेमिनारनंतर काहीच का घडलं नाही? कारण दुसऱ्या दिवशी एरर आला तेव्हा विचारायला कोणीच नव्हतं. आठवड्यातला एक ठरावीक दिवस, लॅबमधला एक कोपरा, तिथे तू आणि अजून एक-दोघं बसा, ज्याला जे अडलंय ते घेऊन येऊ दे. महिनाभर कोणी आलं नाही तरी बसा. पोस्टरपेक्षा हे शंभरपट उपयोगी आहे.

आणि कोणी स्वतःहून लिनक्स टाकून दे म्हणालं तर आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून वायफाय, साउंड, टचपॅड सगळं तपास. मग बॅकअप, आणि बॅकअप झाल्याशिवाय पार्टिशनला हात नाही. एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे बिटलॉकर, विंडोजचं डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन. बऱ्याच लॅपटॉपवर हे आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो, मग बूटच्या सेटिंग बदलल्या की विंडोज रिकव्हरी की मागतं. ती आधी शोधून उतरवून ठेवायला लाव, बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये मिळते. एका मित्राचा डेटा गेला तर सगळ्या कॉलेजात तीच गोष्ट फिरेल.

प्रश्न : मी प्राध्यापिका आहे. विद्यार्थ्यांनी मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरावं असं मलाही वाटतं, पण त्यांनी पाठवलेले रिपोर्ट माझ्याकडे उघडले की पानं सरकतात, टेबल विस्कटतात. मार्क कसे द्यायचे?

उत्तर : मॅडम, यात बऱ्याचदा दोष फॉन्टचा असतो. कॅलिब्रीमध्ये केलेली फाइल ज्या मशीनवर कॅलिब्री नाही तिथे उघडली की दुसरा फॉन्ट येतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि सगळं खाली ढकललं जातं. कार्लिटो आणि कॅलाडिया हे दोन मोफत फॉन्ट अनुक्रमे कॅलिब्री आणि केंब्रियाच्या मापाचेच आहेत, ते विद्यार्थ्यांच्या आणि तुमच्याही मशीनवर टाका, निम्मी तक्रार तिथेच मिटेल. आणि तपासायला फाइल पीडीएफमध्येच मागवा. लिब्रेऑफिसमध्ये पीडीएफ एक्सपोर्ट करताना हायब्रिड नावाचा पर्याय येतो, त्यात मूळ एडिट करता येणारी फाइल त्या पीडीएफच्या आतच राहते, म्हणजे तुम्हाला वाचायला पान जसंच्या तसं आणि विद्यार्थ्याला लिब्रेऑफिसमध्ये तीच पीडीएफ उघडून दुरुस्तीही करता येते. तुम्ही एवढंच जाहीर केलंत की 'फाइल पीडीएफमध्ये द्या, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केली ते विचारणार नाही', तरी कितीतरी मुलं मोकळी होतील. शिक्षकाच्या एका वाक्याने जे होतं ते विद्यार्थ्यांच्या दहा सेमिनारांनी होत नाही.

प्रश्न : मी आर्ट्सला आहे, कोडिंग अजिबात येत नाही. माझा काही उपयोग आहे का?

उत्तर : आहे, आणि बराच आहे! लिब्रेऑफिससारख्या प्रोजेक्टचे मेनू आणि मेसेज भाषांतर करायला माणसं लागतात, ते काम ब्राउझरमध्येच होतं, कोड बघावाही लागत नाही. आपल्या भाषेत जो मेनू वाचून तुलाच अर्थ लागत नाही तिथूनच सुरुवात कर. दुसरं, काही बिघडलं तर नीट बग रिपोर्ट, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकीची नोंद, लिहायला शिक. कुठलं व्हर्जन, कुठली सिस्टिम, नेमकं काय काय केलंस, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, आणि शक्य असेल तर ज्या फाइलमध्ये गडबड झाली तीच जोड, फक्त त्यात कोणाची खाजगी माहिती नाही ना ते बघून. आधी कोणी तोच बग नोंदवलाय का हे शोध, नोंदवला असेल तर नवीन न टाकता त्याच्याखालीच तुझी माहिती लिही.