रात्रपाळी आणि बाईचं हृदय

प्रश्न : वय ४३. नऊ वर्षं कॉल सेंटरला रात्रपाळी करते. दिवसा बीपी नॉर्मल येतं, तरी काळजी करायची का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : हो, ताई. झोपेत रक्तदाब साधारण १० ते २० टक्के उतरायला हवा. तो उतरतो का, हे दिवसाच्या मोजणीत दिसतच नाही. डॉक्टरांना २४ तासांच्या बीपी तपासणीबद्दल विचारा. हा चढउतार शरीरातलं दिवस-रात्रीचं घड्याळ सांभाळतं; मी याच घड्याळावर संशोधन करते. हृदयाच्या पेशींतही ते असतं. अमेरिकेत १९७६ साली सुरू झालेल्या नर्सेसच्या अभ्यासात, बरीच वर्षं फिरती रात्रपाळी केलेल्यांत हृदयविकार थोडा जास्त आढळला. माझी आई ठाण्यात नर्स होती. पहाटे घरी आली की न झोपता आमचे डबे करायला लागायची. तुम्ही तसं करू नका. खोली अंधारी करून आधी झोपा. आणि अचानक दम लागला, जबडा दुखला, मळमळलं, तर ॲसिडिटी म्हणून अंगावर काढू नका, लगेच दवाखाना गाठा.