चौघांच्या घरात अंघोळीचे टॉवेल किती असावेत?
चौघांच्या घराला अंघोळीचे १० टॉवेल पुरतात: माणशी २ आणि पाहुण्यांसाठी २. एक वापरात असताना दुसरा धुऊन दोरीवर असतो, असा हा साधा हिशोब असून तो दर तीन-चार दिवसांनी टॉवेल धुणाऱ्या घराला लागू पडतो. मात्र मुंबईत किंवा कोकणात राहत असाल, तर पावसाळ्यासाठी माणशी आणखी एक हवाच, हे मी मुंबईतल्या अनेक पावसाळ्यांच्या अनुभवावरून सांगतो. जुलैच्या दमट हवेत जाड टॉवेलच्या फासांत मुरलेले पाणी दोन-दोन दिवस निघत नाही, वरून कोरडा वाटला तरी काठाची दुमडलेली शिवण हाताला ओलीच लागते, आणि एकदा धरलेला कुबट वास पुढच्या धुण्यातही सहज जात नाही. हा जादा टॉवेल जाड मुळीच घेऊ नये. त्याऐवजी सुती पंचा घ्यावा. तो अंग नीट टिपतो, बादलीत जागा कमी घेतो आणि घट्ट पिळून पंख्याखाली टाकल्यास बहुधा सकाळपर्यंत वाळतो. विदर्भातल्या कडक उन्हाळ्यात, जिथे टॉवेल दुपारच्या आत खडखडीत वाळतो, तिथे माणशी २ देखील सढळच म्हणावे लागतील.