जुन्या स्पीकरच्या पोटात ब्लूटूथ बसवावे का?

प्रश्न : घरी वीस वर्षांपूर्वीचा ॲम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांचे दोन मोठे स्पीकर आहेत. फोनवरील गाणी वायर न जोडता ऐकता यावीत म्हणून एका तंत्रज्ञाने स्पीकरच्या आतच ब्लूटूथ आणि ॲम्प्लिफायर असलेला बोर्ड बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. त्याचा खर्च नव्या बिनतारी संचाच्या निम्मा आहे. मुलीचे म्हणणे, जुने काढावे आणि नवा संच बिनव्याजी हप्त्यांवर घ्यावा. फोनचा ब्लूटूथ संकेत पकडणारा, ॲम्प्लिफायरला बाहेरून जोडायचा रिसीव्हर तंत्रज्ञाच्या अंदाजाच्या दहाव्या भागात मिळतो, पण तो तात्पुरता उपाय वाटतो. काय करावे?

उत्तर : आपण ज्याला तात्पुरता उपाय म्हणता, तोच मला या तिन्हींमध्ये शहाणपणाचा वाटतो, आणि त्याचे कारण तो स्वस्त आहे एवढेच नाही. आपल्या संचात दोन वेगवेगळ्या आयुष्यांच्या वस्तू एकत्र येत आहेत. चांगल्या बांधणीचा स्पीकर योग्य देखभालीने तीस-चाळीस वर्षे वाजू शकतो. बिनतारी तंत्र मात्र काही वर्षांतच मागे पडते. ब्लूटूथची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये आली, २०२० मध्ये एलई ऑडिओ ही नवी ध्वनिपद्धत जाहीर झाली, आणि जुन्या चिपला अशी नवी पद्धत शिकवणे बहुधा शक्य नसते. अल्पायुषी वस्तू दीर्घायुषी वस्तूच्या आत कायमची बसवली, तर पहिली बदलण्याचा खर्च प्रत्येक वेळी दुसरीच्या तोडफोडीसह येतो.

आकड्यांतच पाहायचे तर, बाहेरचा रिसीव्हर दर पाच वर्षांनी नवा घेतला तरी वीस वर्षांत चार रिसीव्हर लागतील, आणि आजच्याच दराने त्यांचा एकूण खर्च तंत्रज्ञाच्या अंदाजाच्या दोन-पंचमांश होईल. शिवाय खोक्याला भोक पाडल्यावर ते नीट हवाबंद झाले नाही, किंवा आतली मोकळी जागा बोर्डाने व्यापली, तर खर्जाचा आवाज बिघडू शकतो आणि पुढे विकताना मूळ स्थितीतील संचाची किंमत येत नाही. ‘बिनतारी’ म्हणवणाऱ्या या बदलानंतरही बोर्डाला विजेची वायर लागणारच, आणि बोर्ड एकाच खोक्यात असेल तर दुसऱ्या स्पीकरपर्यंतची वायरही राहील, हे तंत्रज्ञाने सांगितले असेलच असे नाही.

मुलीच्या सूचनेतील हप्त्यांबद्दल थोडे सांगतो. व्याज लावत नाहीत म्हणजे खर्च नाही, असे धरू नये. रोख घेणाऱ्याला मिळणारी सवलत हप्त्यांवर नाकारली जात असेल आणि वर प्रक्रिया शुल्क असेल, तर तेच आपले व्याज. म्हणून दोन्ही प्रकारे भरावी लागणारी एकूण रक्कम लेखी मागून घ्यावी. आपला आपत्कालीन निधी सहा महिन्यांच्या घरखर्चाइतका झाला नसेल, तर मनोरंजनासाठी नवा हप्ता सुरू करू नये, हे मी कोणालाही सांगेन.

रिसीव्हर घेण्यापूर्वी मात्र एक काम करावे. स्पीकरच्या कोनभोवतीची, म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या शंकूसारख्या पडद्याभोवतीची, कड फोमची असेल, तर ती पंधरा-वीस वर्षांत भुसभुशीत होऊन फाटते. बोटाने हलके दाबताच भुगा पडला, तर आधी ती बदलून घ्यावी. ॲम्प्लिफायरमधून सतत गुणगुण येत असेल, तर त्यातील कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, तपासून घ्यावेत. पैसे खर्च करायचेच असतील तर ते येथे करावेत, कारण फाटक्या कोनवर कोणतेही तंत्र जोडले तरी आवाज सुधारणार नाही. या दुरुस्तीचा अंदाज नव्या संचाच्या निम्म्यापुढे गेला, तर मुलीचे म्हणणे पुन्हा विचारात घ्यावे, तेही रोखीने.

रिसीव्हर ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ किंवा ‘टेप’च्या इनपुटला जोडावा. ‘फोनो’ला जोडू नये, ते इनपुट रेकॉर्ड प्लेअरच्या क्षीण संकेतासाठी असते आणि आवाज फाटतो. ब्लूटूथवर सर्वत्र चालणारी एसबीसी पद्धत साधारणपणे सेकंदाला ३२८ किलोबिटांपर्यंत ध्वनी पाठवते, सीडीचा वेग १,४११ किलोबिट असतो. रोजच्या ऐकण्यात हा फरक फारसा खटकत नाही, पण ज्या मैफली आपण मन लावून ऐकता त्यांच्यासाठी सीडी प्लेअरची वायर जोडलेलीच ठेवावी. टीव्हीसाठीही वायरच बरी, कारण ब्लूटूथवर आवाज ओठांच्या किंचित मागे पडतो.