वाचक विचारतात : प्रवास आणि जंगल, दोन्हींसाठी एकच कॅमेरा

प्रश्न : प्रवासात आणि जंगलातही वापरता येईल असा मिररलेस कॅमेरा घ्यायचा आहे. पक्ष्यांसाठी फुलफ्रेमच (मोठ्या सेन्सरचाच) हवा, असे बरेच जण सांगतात. पण सगळे मिळून वजन दोन किलोंच्या वर जायला नको. काय घ्यावे?

उत्तर : बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) शेवटी ठरवा, आधी लेन्स ठरवा. बॅगेतले बरेचसे वजन तिचेच असते आणि पक्षी फोटोत केवढा येणार हेही तिच्यावरच ठरते.

हिशेब मांडून बघा. १५ सेंटीमीटरचा, साधारण चिमणीएवढा पक्षी १५ मीटरवर बसला आहे आणि तुमच्याकडे ६०० मिमीची लेन्स आहे. सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) त्याची प्रतिमा ६ मिमीची पडते. बॉडी कुठलीही लावा, ती ६ मिमीचीच राहते. फुलफ्रेम सेन्सरची उंची २४ मिमी, म्हणजे पक्ष्याने फ्रेमची पाव उंची व्यापली. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरची उंची सुमारे १५.६ मिमी, तिथे तो एक तृतीयांशाहून जास्त होतो. आणखी लहान मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरची १३ मिमी, तिथे जवळजवळ निम्मा. आता पिक्सेल मोजा. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमवर त्या ६ मिमीत सुमारे १,००० पिक्सेल बसतात, २६ मेगापिक्सेलच्या एपीएस-सीवर सुमारे १,६००. पिसांचा बारकावा मिळतो तो या पिक्सेलांमुळे.

फुलफ्रेमला नॉइज (फोटोतले दाणे) कमी, हे खरे आहे. पण फ्रेम भरली तरच. लेन्स तीच, अपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र) तेच आणि नंतर क्रॉप करायचे (कडा कापायच्या) असेल, तर पक्ष्यावरून येणारा प्रकाश दोन्हीकडे सारखाच असतो. सेन्सरचा जो जास्तीचा भाग घेतला, तोच कापून टाकला जातो. म्हणून लांबचे, लहान पक्षी हेच मुख्य लक्ष्य असेल तर आमचे मत स्पष्टपणे एपीएस-सीच्या बाजूने आहे. मोठे प्राणी जवळून आणि अंधूक उजेडात टिपायचे असतील, तर फुलफ्रेमला मोठ्या अपर्चरची लेन्स लावण्याला अर्थ आहे. मात्र मग वजनाची अट सोडावी लागेल.

निकॉनची झेड १८०-६०० ट्रायपॉड कॉलरशिवायच १,९५५ ग्रॅम भरते, म्हणजे तुमची मर्यादा लेन्समध्येच संपते. उलट कॅननची आरएफ १००-४०० ही ६३५ ग्रॅमची, तर एपीएस-सीसाठीची सोनीची ७०-३५० ही ६२५ ग्रॅमची. कॅननची आर७ बॉडी बॅटरी आणि कार्डासह ६१२ ग्रॅम. तिच्याबरोबर १००-४०० आणि प्रवासासाठी ३१० ग्रॅमची १८-१५० घेतली, तरी सगळे १,६०० ग्रॅमच्या आत राहते. यात गमवावा लागतो तो प्रकाश. ही १००-४०० लेन्स ४०० मिमीवर एफ/८ची आहे; एफचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. पहाटे एफ/५.६ला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० पुरत असेल, तिथे हिला ६४०० लागेल. तेवढे चालवून घ्या. खोलीत ठेवून आलेली जड लेन्स जंगलात काही कामाची नाही.

घेण्यापूर्वी एक गोष्ट हातात घेऊनच तपासा. समोर आडव्या-तिडव्या फांद्या असतील, तर पूर्ण फ्रेमवर चालणारी कॅमेऱ्याची पक्षी-ओळख (पक्षी आपोआप शोधून फोकस लावणारी सोय) अनेकदा पुढच्या फांदीलाच फोकस लावते. अशा वेळी फोकसची चौकट लहान करून आधी पक्ष्यावर आणावी लागते आणि मग डोळा पकडता येतो. ही दोन्ही कामे दोन वेगळ्या बटणांना देता येतात का आणि अंगठा न शोधता तिथे पोचतो का, हे बघा.

प्रश्न : आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरले. शटरचा वेग १/३२०० होता, तरी उडत्या पक्ष्याचे पंख विचित्र वाकलेले आले. कॅमेरा बिघडला आहे का?

उत्तर : नाही. १/३२०० हा प्रत्येक ओळीला मिळालेला वेळ आहे. पूर्ण सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचायला बऱ्याच कॅमेऱ्यांत १/३० सेकंदाच्या आसपास वेळ जातो आणि तेवढ्यात पंख खाली येतो. वरची ओळ एका क्षणाची, खालची दुसऱ्या क्षणाची, म्हणून पंख वाकडा दिसतो. शटरचा वेग कितीही वाढवला तरी हा दोष जात नाही. उडत्या पक्ष्यांसाठी मेकॅनिकल शटर लावा. बसलेल्या पक्ष्यासाठी किंवा चरणाऱ्या हरणासाठी इलेक्ट्रॉनिक खुशाल वापरा.

निकॉन झेड८, फुजीफिल्म एक्स-एच२एस, ओएम-१ यांच्यासारख्या स्टॅक्ड (थरांच्या रचनेच्या) सेन्सरच्या बॉडी खूप वेगाने वाचतात, त्यामुळे तिथे हा त्रास क्वचितच जाणवतो. झेड८ला तर मेकॅनिकल शटरच नाही. वर सुचवलेल्या आर७चा सेन्सर मात्र स्टॅक्ड नाही, हे ध्यानात ठेवा. नवी बॉडी बघताना इलेक्ट्रॉनिक शटरवर एखाद्या उभ्या खांबासमोरून कॅमेरा झपकन आडवा फिरवत फोटो काढा. खांब जितका तिरका, तितके वाचन संथ.

प्रश्न : दुपारी लांबच्या हरणांचे फोटो ६०० मिमीवर मऊ (धूसर) येतात. लेन्स दुरुस्तीला द्यावी का?

उत्तर : अजून नको. तापलेल्या जमिनीवरची हवा सतत हलत असते आणि लांबची लेन्स ती हालचालही मोठी करून दाखवते. एका बर्स्टमधले (बटण दाबून ठेवून सलग काढलेले) दहा फोटो १०० टक्के मोठे करून बघा. प्रत्येकात धूसरपणा वेगळा असेल, शिंगाची कड एकात लाटेसारखी आणि दुसऱ्यात बरी दिसत असेल, तर दोष हवेचा. दहाही सारखेच मऊ असतील, तर फोकस किंवा लेन्स तपासायची. त्यासाठी सकाळी सावलीत, १० मीटरवर छापील मजकूर लावून, कॅमेरा पक्का टेकवून १/१०००ला फोटो काढा. पुढे यूव्ही फिल्टर असेल तर तो काढून पुन्हा घ्या. लांब लेन्सवर स्वस्त फिल्टरने चित्र बिघडते. वातानुकूलित गाडीच्या खिडकीतून काढत असाल तर काचेजवळच गार आणि गरम हवा मिसळते, त्यामुळे एसी आधीच बंद करा. हवेच्या दोषावर उपाय दोनच : जवळ जाणे शक्य नसेल, तर सकाळ गाठणे.

प्रश्न : झेड १८०-६००वर १.४एक्स टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच १.४ पट करणारी जोड) लावावा का?

उत्तर : शेवटच्या टोकाला एफ/६.३चे एफ/९ होते. भरपूर उन्हात, बसलेल्या पक्ष्यासाठी ठीक. एरवी क्रॉप करा.

प्रश्न : बर्स्ट दोन-तीन सेकंदांत अडकतो. मोठे कार्ड घेतले तरी तेच. आणि विमानात जादा बॅटऱ्या कुठे ठेवायच्या?

उत्तर : कार्डाचा आकार नाही, लिहिण्याचा वेग कमी पडतो. ३० एमबीची रॉ फाइल (सेन्सरचा मूळ डेटा) सेकंदाला १५ या गतीने म्हणजे सेकंदाला ४५० एमबी. यूएचएस-२ या वेगवान एसडी कार्डाची जोडणीच सेकंदाला जास्तीत जास्त ३१२ एमबीची, आणि लिहिणे त्याहून संथ. उरलेले सगळे बफरमध्ये (कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या मेमरीत) साठते आणि तो भरला की कॅमेरा थांबतो. कॉम्प्रेस्ड रॉ निवडा आणि बटण एकेका सेकंदाने सोडा. बॉडीत सीएफएक्सप्रेस या जास्त वेगवान कार्डाची सोय असेल, तर तेच कार्ड घ्या.

जादा बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवायच्या, चेक-इन सामानात नाहीत. कॅमेऱ्याची बॅटरी साधारण १६ वॉट-अवरची असते, सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-अवरची आहे, म्हणून क्षमतेची अडचण नाही. मात्र प्रत्येकीच्या धातूच्या पट्ट्यांवर टोपण किंवा चिकटपट्टी लावा. किल्ली किंवा नाण्याला टेकून शॉर्ट झाल्यास बॅटरी पेट घेऊ शकते.