तुझ्या कोटेशनचा कागद

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला नव्या गाडीच्या कोटेशनचा फोटो काल रात्री मोठा करून करून वाचला. विम्याचा आकडा तुझ्या अंगठ्याखाली अर्धा झाकला होता, तो बेरजेवरून काढला आणि सगळा कागद वहीत उतरवून घेतला. फोनवर सांगितलेले आकडे निसटतात, म्हणून लिहून पाठवते.

तू विचारलंस, "काकू, ९,६५३चा हप्ता मला झेपेल ना?" झेपेल. पण मी वाहन कर्जाच्या टेबलावर अकरा वर्षं काढली आहेत आणि हा प्रश्न कुठून येतो ते मला माहीत आहे. गिऱ्हाईक हप्ता विचारतं, मग मुदत वाढवून वाढवून हप्ता त्याच्या खिशाच्या मापाचा करून दिला जातो. तुला ६ लाख रुपये ९ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी देऊ केलेत. ८४ हप्त्यांत तू ८ लाख ११ हजारांच्या जवळपास भरशील, म्हणजे नुसतं व्याज २ लाख ११ हजार. तेच कर्ज त्याच दराने ५ वर्षांत फेडलंस तर हप्ता १२,४५५ आणि व्याज १ लाख ४७ हजार. दोन वर्षं जास्त घेतल्याचे ६४ हजार रुपये.

व्याजापेक्षाही मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. समज, तीन वर्षांनी गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पार निकामी झाली. विमा कंपनी तुला गाडीची तेव्हाची ठरलेली किंमत देणार, जिला पॉलिसीत आयडीव्ही म्हणतात. तीन वर्षं उलटली की घसाऱ्याच्या तक्त्याप्रमाणे ती ४० टक्क्यांनी उतरते. तुझी गाडी एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा सोडून, ६ लाख ४० हजारांची, म्हणजे हातात येणार ३ लाख ८४ हजार. आणि सात वर्षांच्या कर्जात ३६ हप्ते भरून झाल्यावरही तुझ्याकडे बाकी असेल ३ लाख ८८ हजार. गाडी गेली आणि वर पदरचे चार हजार भरायचे! पाच वर्षांच्या कर्जात त्याच दिवशी बाकी असते २ लाख ७३ हजार, म्हणजे विम्याच्या पैशातून कर्ज फिटून लाखभर रुपये हातात राहतात. उद्या नोकरी बदलून बंगलोरला गेलीस आणि गाडी विकावी लागली तरी हिशोब असाच पडतो. म्हणून पाच वर्षांच्या वर जाऊ नकोस, हे मी अगदी हट्टाने सांगते आहे.

आता तू पाठवलेला तो दुसरा कागद, ज्यावर "फक्त ५ टक्के" असं ठळक लिहिलंय. त्याच्याखाली बारीक अक्षरात "फ्लॅट" आहे, बघ. फ्लॅट म्हणजे पाचही वर्षं पूर्ण ६ लाखांवर व्याज, मधे तू कितीही मुद्दल फेडलंस तरी. ६ लाखांचे ५ टक्के ३० हजार, पाच वर्षांचे दीड लाख. साडेसात लाख भागिले ६०, हप्ता १२,५००. बँकेच्या ९ टक्क्यांच्या हप्त्यापेक्षा ४५ रुपये जास्तच! घटत्या शिलकीवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून मांडलं तर हा "५ टक्के" दर सव्वानऊच्या आसपास जातो.

याच फ्लॅटने माझ्या धाकट्या भावाला पोळलं होतं. बँकेत कागद फार मागतात म्हणून त्याने एका खाजगी फायनान्सवाल्याकडून दीड लाख उचलले, ११ टक्के फ्लॅट, चार वर्षं, हप्ता ४,५००. दोन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले आणि मग ७५ हजार घेऊन कर्ज बंद करायला गेला. निम्मी मुदत झाली, निम्मं मुद्दल फिटलं असेल, असा त्याचा भाबडा हिशोब. तिथे सांगितलं, उरलेले २४ हप्ते व्याजासकट भरा, १ लाख ८ हजार. करारावर त्याची सही होती. तो कागद घेऊन तो माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिला, ते मला अजून दिसतं. तेव्हापासून कुणी नुसता टक्का सांगितला की मी आधी विचारते, कशावरचा?

तुला हा प्रश्न विचारायला आता एक कागद मिळतो, जो त्याला मिळाला नव्हता. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक किरकोळ, म्हणजे आपल्यासारख्या व्यक्तीला दिलेल्या, कर्जासोबत बँकेने किंवा फायनान्स कंपनीने "की फॅक्ट स्टेटमेंट" म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद द्यायलाच हवा. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो: व्याज, प्रोसेसिंग फी आणि बाकीचे खर्च धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात तो. दोन कर्जांची तुलना त्या आकड्यावर कर. त्यातच मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती आकार लागेल तेही लिहिलेलं असतं. फ्लोटिंग, म्हणजे मधे बदलत राहणाऱ्या, दराच्या वैयक्तिक कर्जावर बँकेला असा दंड लावता येत नाही, पण गाडीची कर्जं बहुतेक फिक्स्ड दराची असतात आणि तिथे लावतात. दिवाळीच्या बोनसमधून मधेच २० हजार भरता येतील का, हेही सहीच्या आधी विचार.

शोरूमची "खास ८ टक्क्यांची स्कीम" तुला आवडलेली दिसते. त्या स्कीममध्ये २५ हजारांची रोख सवलत मिळत नाही, असं तूच लिहिलंयस. ६ लाखांवर पाच वर्षांत ९ ऐवजी ८ टक्क्यांनी महिन्याला २८९ रुपये वाचतात, एकूण १७ हजार तीनशे-साडेतीनशे, तेही पाच वर्षांत थेंबाथेंबाने. सवलत २५ हजारांची आणि आजच्या आज. सवलत घे, कर्ज बँकेचं घे. पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे आधी विचार. आणि तीन शोरूमना पॅन नंबर देऊन बसू नकोस. प्रत्येक जण चार-चार ठिकाणी अर्ज टाकतो आणि प्रत्येक चौकशीची नोंद तुझ्या सिबिलवर, म्हणजे कर्जाच्या इतिहासाच्या रिपोर्टवर होते. तुझा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो आधी काढून बघ.

शेवटचा हप्ता मोठा ठेवून आधीचे हप्ते लहान करणारी योजना त्यांनी सुचवली असेल तर ती बाजूला ठेव. एकरकमी पैसा नक्की येणार आहे अशा माणसासाठी ती ठीक आहे.

बाबा त्यांची एफडी मोडायला निघालेत, ते मला तुझ्या आईकडून कळलं. मोडू देऊ नकोस. एफडीवर कर्ज काढलं तर दर साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो, त्यामुळे हिशोबात ते स्वस्त दिसेल. पण त्यांच्या निवृत्तीचा पैसा तुझ्या गाडीसाठी तारण पडेल आणि त्यांना गेल्या वर्षीच अँजिओप्लास्टी करावी लागली आहे. ही गाडी तुझ्या पगारावरच उभी राहू दे.

आणि ती राहते, मी मांडून पाहिलं. तुझ्या हातात ४६ हजार येतात. पिंपरीच्या खोलीचं भाडं ११, घरी पाठवतेस ते ८. चाकणला रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर धरले तर पेट्रोललाच ५ हजार लागतील. १२,४५५चा हप्ता गेला की साडेनऊ हजारांत जेवणखाण, फोन, सर्व्हिसिंग आणि पुढच्या वर्षीचा विमा. ओढाताण होईल. म्हणून कर्जच ५ लाखांवर आणू.

कोटेशनची बेरीज ७ लाख ८५ हजार. त्यातला एक्स-शोरूम किमतीवरचा ११ टक्के रोड टॅक्स, ७०,४००, सरकारचा. त्याला हात लागत नाही. पण १८,५००च्या ॲक्सेसरीज काढ. सीट कव्हर आणि मॅट बाहेरून घेता येतात. ७,५०० "हँडलिंग" कशाचे ते विचार आणि काढायला लाव, नाही म्हणाले तर दुसरं शोरूम आहे. वाढीव वॉरंटीचे १२ हजार आज द्यायची गरज नाही, बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपायच्या आत ती देतात. विमा शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती कुणी करू शकत नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) विमा २०१८ पासून सक्तीचा आहे, पण तो आणि गाडीच्या नुकसानीचा विमा तू कुठूनही घेऊ शकतेस. ३४ हजारांच्या जागी झीरो डेप्रिसिएशनसकट (दुरुस्तीत बदललेल्या भागांचा घसारा न कापणारा) २६ हजारांत देणारं कुणी सापडतं का, दोन-तीन ठिकाणी विचार. आणि ती २५ हजारांची सवलत. सगळं जमलं तर ७१ हजार कमी झाले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा पुष्कळांनी वाचलेल्या पैशांत वरचं मॉडेल घेतलं. तुलाही सनरूफवालं दाखवलंय. तुला लागते ती सहा एअरबॅगची, एबीएसची गाडी. ती या मॉडेलमध्येच आहे.

कर्ज ५ लाखांवर आणायला उरलेले ३० हजार तू तीन महिन्यांत जमवू शकतेस. पाच लाखांचा पाच वर्षांचा हप्ता १०,३७९ येतो. येत्या पगारापासून दर महिन्याला १०,४०० रुपये वेगळ्या खात्यात टाक, जणू कर्ज सुरू झालंय. पेट्रोलचे पाच हजारही बाजूला काढ, फक्त ते खर्चायचे नाहीत. तीन महिने हे जमलं तर ३१ हजार डाऊन पेमेंटला मिळाले आणि पेट्रोलचे १५ हजार अडीअडचणीला उरले. एखाद्या महिन्यात नाही जमलं तर ते आत्ताच कळलेलं बरं, हप्ता चुकून बँकेचा फोन येण्यापेक्षा.

पुढच्या एका गोष्टीची नोंद आजच करून ठेव. आरसीवर बँकेचं नाव हायपोथिकेशन, म्हणजे गाडी तारण असल्याची नोंद, म्हणून चढतं आणि शेवटचा हप्ता भरल्यावर ते आपोआप उतरेल या भरवशावर राहायचं नाही. बँकेकडून एनओसी (आता काही देणं नाही असं पत्र) आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन आरटीओतून ते नाव काढून घ्यावं लागतं. गाडी विकायची वेळ आली तेव्हा बंद झालेल्या शाखेचा पत्ता शोधत फिरणारी माणसं मी टेबलापलीकडे पाहिली आहेत.

शनिवारी बँकेत जाशील तेव्हा की फॅक्ट स्टेटमेंट मागून घे आणि सही न करता मला फोटो पाठव. या वेळी कागद टेबलावर ठेवून काढ, म्हणजे अंगठा मधे येणार नाही. बाबांना मी उद्या फोन करते, एफडीचं माझ्यावर सोड.

तुझी,
काकू