गेज उतरतंय, ग्रुप फुटलाय: रेग्युलेटरला हात लावण्याआधी

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलीसाठी घेतलेल्या जुन्या 10 मीटर मॅच रायफलचं (सिलिंडरमधल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या स्पर्धेच्या रायफलचं) गेज, म्हणजे हवेचा दाब दाखवणारा काटा, रात्री 200 बार दाखवतं आणि सकाळी 150. शिवाय महिनाभरात ग्रुप फुटलाय, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटची भोकं पसरायला लागली आहेत, म्हणून कुणीतरी रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) बदलायला सांगितलाय. एवढ्यात पैसे घालू नका. ही दोन वेगळी दुखणी असण्याची शक्यता जास्त आहे.

आधी सिलिंडरवर छापलेली तारीख बघा. बहुतेक मॅच रायफलींच्या सिलिंडरची मुदत तयार झाल्यापासून 10 वर्षांची असते. जुन्या रायफलीबरोबर आलेला सिलिंडर मुदतीबाहेरचा निघाला, तर पुढचं काहीच तपासू नका, तो भरूही नका. मुलीचा गाल त्याच्यापासून वीतभर अंतरावर असतो.

तारीख ठीक असेल तर आज रात्री सिलिंडर रायफलीवरून काढून वेगळा ठेवा. भरल्याभरल्या मात्र आकडा घेऊ नका. घाईने भरलेला सिलिंडर हाताला गरम लागतो, आणि थंड झाला की 200 चे 190 आपोआप होतात. ती गळती नव्हे. तासाभराने आकडा लिहून ठेवा. सकाळी तोच असेल तर गळती रायफलीत आहे. उतरला असेल तर सिलिंडरच्या व्हॉल्व्हला आणि गेजच्या सांध्याला ब्रशने साबणाचं पाणी लावा आणि दोन मिनिटं नजर हलवू नका. बारीक गळतीचे बुडबुडे एकदम येत नाहीत, मोहरीएवढा पांढरा फेस हळूहळू साठत जातो.

रायफलीत गळती असेल तर बहुतेक वेळा सिलिंडर बसतो तिथली ओ-रिंग, म्हणजे सांधा हवाबंद करणारी रबरी कडी, गेलेली असते. काही रुपयांची वस्तू, पण मॅन्युअलमध्ये दिलेल्याच मापाची घ्या. बसवण्याआधी हवा पूर्ण सोडा आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात द्या. शिलाई मशीनचं तेल किंवा गाडीचं ग्रीस चुकूनही नको, दाबाखालच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. ओ-रिंग चांगली असेल तर रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळीच्या तोंडावर फुगा चढवा. तो फुगत गेला तर आतला व्हॉल्व्ह गळतोय, आणि ते काम फक्त गनस्मिथचं.

आता ग्रुप. रेग्युलेटर बिघडला की पेलेटचा (शिशाच्या छऱ्याचा) वेग कमीजास्त होतो. साधारण 170 मीटर प्रतिसेकंदाने जाणारी पेलेट 10 मीटरमध्ये सुमारे 18 मिलिमीटर खाली येते. वेग 10 ने वाढला तर ती जेमतेम 2 मिलिमीटर वर लागेल, म्हणजे टार्गेटवरच्या एका रिंगपेक्षाही कमी. आणि हा फरक वर-खालीच दिसेल. तुम्ही पाठवलेल्या फोटोत भोकं आडवी पसरली आहेत. रेग्युलेटरवर आळ घ्यायला मला तरी कारण दिसत नाही. रात्रभर पडून राहिल्यावर पहिला शॉट दरवेळी वर जाऊन नंतर स्थिरावत असता, तर मी वेगळं बोललो असतो.

आडव्या पसरण्याला माझा पहिला संशय स्क्रूंवर. मागच्या साइटची पकड, बॅरलचा क्लॅम्प, स्टॉकचे बोल्ट, सगळे योग्य किल्लीने तपासा. मग रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून कोचला 10 शॉट मारू द्या. एकाच भोकात गेले तर रायफल निर्दोष आहे, आणि मुलीची पोझिशन बघायला हवी. (वाढत्या वयात बट-प्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारी पट्टी, आणि गालपट्टी दर काही महिन्यांनी नव्याने जुळवावी लागते, हे घरी कुणाच्या लक्षात येत नाही.) तरीही पसरले तर पेलेटचा डबा बदला. तुम्ही चिपळूणच्या, पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या डब्यातल्या शिशावर पांढरी भुकटी धरते. स्कर्ट (मागची पोकळ कड) दबलेली पेलेट बोटात फिरवली की लगेच कळते.

ओल सिलिंडरमध्येही शिरते. एका ठिकाणी फिल्टर न बदलता भरून दिलेला माझा सिलिंडर मी रिकामा करताना कोरडं सुती फडकं समोर धरलं, तर त्यावर रुपयाएवढा ओला डाग उमटला. तेव्हापासून दर पावसाळ्यात मी ही खात्री करतो, तुम्हीही करा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. उद्या सकाळचा गेजचा आकडा आणि सिलिंडरवरची तारीख कळवा, मग पुढचं सांगतो.